तिच्या खोकल्याचे भांडवल

“खाटेवरची मुलगी, गप्प बसायचं! हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही.”

“बाई, हात वर केला की मला धाप लागते. पाय वर केला तर चालेल?”

लेकीने हातातला खडू आईवर उगारला आणि आई खुदकन हसली. हसता हसता तिला खोकला आला. तसा खोकला लहानच होता. आधी घशात तूस अडकल्यासारखी खाकर, मग उथळ ढास, आणि मग सगळ्यात वाईट ती शांतता. त्या शांततेत ती आपला श्वास शोधायची. दिवे गेलेल्या घरात माणूस चाचपडत काड्यापेटी शोधतो, तशी. श्वास सापडला की डोळे पुसायची आणि जिथे थट्टा खाली ठेवली होती तिथूनच पुन्हा उचलायची.

“हं, शिकवा बाई. फुकटचा पगार घेऊ नका.”

सुट्टीची दुपार होती. लेक या वर्षीच शाळेत शिकवायला लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वर्गात मागच्या बाकावर तपासनीस येऊन बसणार होते. धडा वाट्याला आला होता तो असा: भांडवलशाही म्हणजे काय, आणि इतिहासात ती केव्हा सुरू झाली. म्हणून कपाटाच्या दाराचा फळा झाला होता आणि आईबापांचा वर्ग. आई वर्गातली वात्रट मुलगी. बाप उंबऱ्यावर बसून बादलीच्या कडीला दोर गुंफत होता, तो वर्गातला मठ्ठ.

“आता तुम्ही सांगा, उंबऱ्यावरचे. भांडवल म्हणजे काय?”

“भांडवल म्हणजे…” बापाने गाठ आवळली. “भांडवल म्हणजे लबाडी. दुखतंय चिमूटभर, दाखवायचं पसाभर. कारखान्यात आमच्या खात्यातला तो लंगडा, दीडपाय, करतो ना, पायाचं भांडवल.”

“बाबा, ते भांडवल करणं झालं. मी नुसतं भांडवल विचारतेय.”

“करतात म्हणून तर दिसतं! न करता कुठे दिसतं ते?”

“ह्यांना वर्गाबाहेर उभं करा, बाई,” खाटेवरून सूचना आली.

लेकीने कपाळाला हात लावला, पण ती हसत होती. मग आवाज शाळेचा करून तिने सांगायला सुरुवात केली. “नीट ऐका. जमीन, यंत्रं, कच्चा माल ही सगळी साधनं थोड्या लोकांच्या मालकीची. बाकीच्यांकडे साधनं नाहीत, म्हणून ते आपली मेहनत मजुरीवर विकतात. माल तयार होतो तो घरच्या गरजेसाठी नाही, बाजारासाठी. आणि झालेला नफा परत धंद्यात घालायचा, म्हणजे आणखी नफा. या व्यवस्थेला म्हणायचं भांडवलशाही.”

“साधनं त्यांची, माल त्यांचा, नफा त्यांचा,” आई बोटांवर मोजत म्हणाली. “मग आपलं काय?”

“आपली मेहनत. आपलं अंग.”

“आणि अंगाबरोबर फुकट आलेला हा खोकला?”

“तो पण आपलाच.”

“मग झालं तर! माझं भांडवल खोकला. गुंडाळणीच्या हॉलमधे, तयार दोरांची वेटोळी करतात तिथे, एक जागा रिकामी झालीय म्हणतात, ऐन खिडकीपाशी. जाते साहेबांकडे, देते एक खणखणीत ढास, आणि घेते खिडकी पदरात पाडून.”

“असलं बोलू नये!” उंबऱ्यावरून आवाज आला. तो इतका कडक होता की लेकीच्या हातातला खडू थांबला. “दुखण्याचं भांडवल करून मिळालेला घास घशाखाली उतरत नाही. माझे वडील सांगायचे. त्यांच्या हाताची सालटी निघालेली असायची, पण बाजारात हात मागे बांधून उभे राहायचे. दोर बघा म्हणायचे, हात नका बघू.”

“थट्टा केली हो,” आई म्हणाली.

“थट्टेतसुद्धा नको.”

मग वर्गाची इज्जत राखावी म्हणून लेकच पुढे सरकली. “बरं. ही भांडवलशाही सुरू केव्हा झाली? यावर जाणकारांचं एकमत नाही. कोणी म्हणतं, जहाजं लांबलांबच्या समुद्रात निघाली आणि व्यापाऱ्यांच्या घरात पैसा साठला तेव्हा. कोणी म्हणतं, गावाच्या मोकळ्या कुरणांना कुंपणं पडली आणि माणसं जमिनीवरून सुटी झाली तेव्हा. कोणी म्हणतं, वाफेचं यंत्र आलं, कारखाने आले, तेव्हा.”

“म्हणजे नाव ठेवून मोकळे झाले, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही!” आई म्हणाली. “मी सांगू? लिही. ज्या दिवशी तुझे बाबा पुढे तोंड करून चालायला लागले, त्या दिवशी.”

लेक खळखळून हसली. “असं लिहिलं तर तपासनीस मला घरी बसवतील.”

बापाला मात्र हसू आले नाही. नुसती मान खाली गेली. कारण ते खरे होते.

कारखाना उभा आहे तिथे पूर्वी मोकळे मैदान होते. ते कुणाच्या मालकीचे, असे विचारायचे कुणाच्या मनातही आले नसते. जनावरे चरत, पोरे खेळत, आणि एका कडेने झाडांच्या सावलीत दोर वळणाऱ्यांची लांब, सरळ वाट होती. वाटेच्या टोकाला चाक, आणि चाकाशी आई. बाबा वाखाचा, दोरासाठी काढलेल्या तंतूंचा, भारा कमरेला गुंडाळत, त्याची शेंडी चाकाच्या आकड्याला अडकवत, आणि मागे मागे चालू लागत. ती चाक फिरवी. पीळ धाग्यातून धावत यांच्या बोटांपर्यंत येई, आणि हे बोटांतून वाख सोडत उलट्या पावलांनी लांब जात. दोर वळणाऱ्याला पुढे तोंड करून चालता येत नाही. धागा नजरेआड झाला की तुटतो. म्हणून दिवसभर ते तिच्यापासून दूर जात आणि दिवसभर तिच्याकडेच पाहत. असे काम कुठल्या नवऱ्याच्या नशिबी असते? लोकांनी यांना उलटेभाऊ केले. तिला चाककाकू म्हणत. पण जिभेची धार पाहून पोरांनी त्याचे चाकूकाकू करून टाकले.

आणि ती चाकाशी गायची. पाठ केलेले नव्हे, सुचेल ते; चाकाच्या करकरीला ठेका धरायला लावून:

*चाक फिरते फिरते, धागा जातो लांब लांब,*
*मागे चालणाऱ्या सख्या, माझ्या नजरेत थांब.*

मग कधीतरी मैदानाच्या चारी बाजूंनी खांब रोवले गेले. खांबांना तारा आल्या. तारा आल्यावर कळले, की मैदान कुणाचे तरी होते, आणि ते विकलेही गेले होते. दोर वळणाऱ्यांना कुणी हाकलले नाही. उलट बोलावून काम दिले. फक्त यंत्र आपला पीळ आपणच घाली, त्याला चाकाशी बाई नको होती. उलटेभाऊ यंत्राशी लागले, इतर माणसांसारखे पुढे तोंड करून चालू लागले. चाकूकाकू गेली भिंतीपलीकडे, विंचरणखात्यात. तिथे वाखाचे भारे लोखंडी दातांवर झोडून विंचरतात. वाऱ्याने वाख उडतो म्हणून त्या खात्याला खिडकी ठेवलेली नव्हती. उडायची ती धूळ आतल्या आत उडायची आणि बायकांच्या छातीत जाऊन बसायची. तिथेही ती गायची, पण आता गाण्याचा रंग बदलला होता:

*वाख विंचरते बाई, जशी लेकीची वेणी,*
*धूळ बसली उरात, श्वास मागतो पाणी.*

“बाबा,” लेक खडू ठेवत हळूच म्हणाली, “थट्टा राहू दे. खिडकीची ती जागा आईला मिळायला हवी. तुम्ही उद्या साहेबांशी बोला.”

“बोलेन.”

“नक्की?”

“बोलेन म्हटलं ना.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूला उठवेना. “आजचा दिवस पडते,” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे. आणि तोंड उघडा जरा तिथे. घरात उघडता तसं नव्हे, बरं.”

कारखान्यात उलटेभाऊ सकाळपासून मनात वाक्य जुळवत होते. साहेब, एक विनंती होती. साहेब, जरा घरचं बोलायचं होतं. वाक्याला पीळ बसत नव्हता. सुरुवात झाली की शेवट सुटा व्हायचा. त्यातच दीडपाय शेजारच्या यंत्रावर येऊन उभा राहिला. त्याचे खरे नाव कुणाच्या लक्षात नव्हते. घोटा दुखावल्यापासून तो एक पाय टेकवी आणि दुसरा नुसता दाखवी, म्हणून दीडपाय.

“भाऊ, आज पाय फार ठणकतोय हो. मुकादमाला म्हटलं, बसायचं काम द्या.”

“तुझा पाय मुकादम दिसला की ठणकतो,” उलटेभाऊ म्हणाले. “परवा घंटा झाली तेव्हा फाटकाकडे पळत सुटला होता ना तोच? चांगलं भांडवल आहे, जप. झिजवू नको.”

आसपासची माणसे हसली. दीडपायही हसला, पण त्याचा चेहरा उतरला. उलटेभाऊंना वाटले, जास्त बोललो का? तेवढ्यात खात्यात साहेब आले.

साहेब नवे होते, तरुण, सगळ्यांना अहो-जाहो करणारे. ते विंचरणखात्यातूनच येत होते. बाहीवर धूळ बसली होती, ती झटकत होते. यंत्राचा आवाज कमी करायला त्यांनी हाताने खूण केली. आवाज पडला. एवढी शांतता त्या खात्यात कधी नसे. हात थांबवून सगळे ऐकू लागले.

“उलटेभाऊ ना तुम्ही?”

“हो साहेब.”

“गुंडाळणीत एक जागा आहे, बैठी. खिडकीजवळ. पलीकडच्या बायकांना विचारलं, कुणाला द्यायची, तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, चाकूकाकूला द्या. तुमच्या मिसेस ना त्या? आज आलेल्या नाहीत. श्वासाचा त्रास आहे म्हणतात. खरं का?”

फक्त हो म्हणायचे होते. एका अक्षराचे काम. कुणाला विनवायचे नव्हते, कुणापुढे हात पसरायचे नव्हते. जागा ताटात वाढून समोर आली होती. पण सगळे खाते कान देऊन उभे होते. शेजारी दीडपाय होता, आणि तो उलटेभाऊंच्या तोंडाकडे बघत होता. रागाने नव्हे, नुसता कुतूहलाने, की आता हे काय करतात. उलटेभाऊंच्या डोळ्यांपुढे आले बाजारात हात मागे बांधून उभे राहिलेले वडील. कानात आला कालचा खाटेवरचा आवाज: माझं भांडवल खोकला. आणि जिभेवर अजून ताजा होता त्यांचा स्वतःचाच टोमणा.

“नाही साहेब,” ते म्हणाले. “तसं काही नाही. हवा बदलली की खोकते जरा. बायका वाढवून सांगतात.”

“नक्की? नंतर कुरकुर नको.”

“नाही साहेब. तिला काही नाही.”

साहेबांना बरेच वाटले असावे. काही नाही हे ऐकायला कुणालाही बरेच वाटते. त्यांनी मान डोलावली, इकडेतिकडे पाहिले आणि दीडपायाच्या पायाकडे बोट केले. “मग यांना बसवू तिथे.”

यंत्र पुन्हा सुरू झाले. उलटेभाऊंचे हात कामाला लागले. ताठ मानेने काम करत राहिले ते. आपण आज काहीतरी मोठे राखले, असेच त्यांना दुपारपर्यंत वाटत होते. दुपारनंतर वाटेनासे झाले.

*

“बोललात?”

दारात पाऊल टाकल्या टाकल्या प्रश्न आला. काकू उठून बसली होती, केस विंचरून.

“बोललो.”

“काय म्हणाले?”

उलटेभाऊ वाकून चपला नीट लावत राहिले. “बघतो म्हणाले.”

“बघतो म्हणजे देणारच! तो नवा साहेब बरा आहे हो, बायकांशीसुद्धा नीट बोलतो.” तिने ट्रंकेतून जुनी चादर ओढून काढली. “तिथे लाकडी बाक आहे, टोचतो म्हणे. उशी शिवते एक. आणि खिडकीत बसले म्हणून मला विसरू नका. येताजाता वर बघत जा जरा. नाहीतर पुढे तोंड करून चालायची सवय लागलीय तुम्हाला.”

ती शिवत होती आणि मधेच दात लावून दोरा तोडत होती. उलटेभाऊंना त्या दोऱ्याकडे बघवेना. सांगतो, सांगतो, असे मनात म्हणत ते पाणी प्यायला उठले, आणि तेवढ्यात लेक आली, नाचतच आली.

“आई, तपासनीस खूश! म्हणाले, व्याख्या छान बसवलीत. फक्त एक मुलगा विचारत बसला, बाई, मग ही संपणार कधी? म्हटलं, अरे, सुरू कधी झाली तेच ठरत नाहीये अजून.”

“आणि आमचीही बातमी आहे,” आई उशी उंच धरत म्हणाली. “तुझ्या बाबांनी आज तोंड उघडलं!”

लेकीने बापाच्या गळ्यात हात टाकले. बाप लाकडासारखा उभा राहिला.

दारावर थाप पडली. दीडपाय होता. हातात फळांची पिशवी, अंगात धुतलेला शर्ट. आत येताना पाय खरोखरच ओढत होता. घोट्याला पट्टी होती, आणि पट्टीवरूनही सूज दिसत होती.

“वहिनी, आभार मानायला आलो,” तो म्हणाला. “भाऊंसारखा माणूस नाही. मला वाटलं होतं, सकाळी मला बोलले, आता जागा स्वतःच्या घरात नेणार. कुणीही नेली असती हो! साहेब स्वतः विचारायला आले, तुमच्या बायकोला त्रास आहे का, म्हणून. भरल्या खात्यात. तर भाऊ म्हणाले, नाही साहेब, तिला काही नाही. असं म्हणायला छाती लागते. खिडकी मला मिळाली ती भाऊंच्या मोठेपणामुळे.”

काकूने सुई उशीच्या कापडात खोचली. मग उठून पेल्यात पाणी आणले, दीडपायापुढे धरले.

“पाय कसा आहे, भावोजी?”

“हाडालाच काहीतरी झालंय म्हणतात.”

“जपा. तिथे बाक टोचतो.” तिने अर्धवट शिवलेली उशी त्याच्या हातात ठेवली. “ही न्या. एक बाजू शिवायची राहिलीय, घरी शिवून घ्या.”

तो गेला. त्याचा ओढता पाय जिन्यावरून उतरताना सगळ्यांना ऐकू येत होता.

“बाबा, का?” लेक म्हणाली. “फक्त हो म्हणायचं होतं.”

“तिच्या खोकल्याचं भांडवल करायचं मी? सगळ्यांच्या देखत?” उलटेभाऊंचा आवाज चढला, पण त्यात जोर नव्हता. “लोक काय म्हणाले असते? सकाळी दुसऱ्याला शिकवतो आणि—”

“भांडवल!” लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. “आज अख्खा तास हाच शब्द फळ्यावर लिहीत होते मी. बाबा, भांडवल मालकांच्या घरात, आणि त्या शब्दाची लाज तेवढी आपल्या वाटणीला?”

“तू थांब गं,” आई म्हणाली. ती खाटेच्या कडेवर बसली, नवऱ्याकडे तोंड करून. रागावली नव्हती. रागावली असती तर उलटेभाऊंना सोसले असते.

“खोकला माझा होता,” ती म्हणाली. “तुम्ही कोण त्याची अब्रू राखणारे? दाखवायचा, झाकायचा, त्यावर खिडकी मागायची की नाही, ते मी ठरवलं असतं. मला विचारायचं तरी.”

“काल तू थट्टा करत होतीस, म्हणून मला वाटलं…”

“थट्टेतच म्हणणार ना! रडून म्हटलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, भांडवल करते.” तिने श्वास घेतला, मधेच अडकला, पुन्हा घेतला. “आणि बघतो म्हणाले, हे कशाला सांगितलंत? तेवढं नको होतं सांगायला. मी उशी शिवायला बसले हो.”

*

दुसऱ्या दिवशीपासून ती पुन्हा विंचरणखात्यात जाऊ लागली. दीडपायाला कुठूनतरी खरे काय ते कळले, तेव्हा तो लंगडत थेट साहेबांच्या खोलीत गेला आणि म्हणाला, माझी जागा काकूंना द्या. साहेब म्हणाले, जागा म्हणजे काय खेळण्यातली भांडी आहेत, आज तुझी उद्या माझी? आणि त्यांच्या घरच्यांनीच सांगितलंय, त्रास नाही म्हणून. तसं लिहूनही वर गेलंय.

मग उलटेभाऊ स्वतः गेले. जाताना तोंड धुऊन, केसांना पाणी लावून गेले. बराच वेळ दाराबाहेर उभे राहिले. आत बोलावणे आले, तेव्हा टेबलाच्या अलीकडे उभे राहिले.

“बोला उलटेभाऊ.”

“साहेब, ते आमच्या घरचं…”

“हो, कळलं मला. पण तुम्हीच म्हणालात ना, तिला काही नाही? सगळे होते तिथे.” साहेब चिडले नव्हते, त्यांना खरेच कोडे पडले होते. “तेव्हा खरं बोललात की आता खरं बोलताय?”

तेव्हा खोटे बोललो, एवढेच सांगायचे होते. तोवर जन्मभर खोटे न बोललेल्या माणसाला तेही सांगता येईना. “काही नाही साहेब,” ते म्हणाले. “असंच आलो होतो.” आणि साहेबांकडे पाठ न करता, मागे मागे सरकत, दाराबाहेर आले.

घरी त्यांनी हे काही सांगितले नाही. काकूने विचारलेही नाही. ती हळूहळू बोलणेच कमी करू लागली. राग म्हणून नव्हे, श्वास पुरेना म्हणून. आधी गाणे गेले. मग लांबलचक टोमणे गेले, छोटे राहिले. कामावर जाणे थांबले तेव्हा विंचरणखात्यातल्या बायका आळीपाळीने येऊन बसत, त्यांच्या कपड्यांनाही तीच धूळ लागलेली असे. खोलीतल्या खोलीत चालणेही पुढे थांबले. डॉक्टर छातीला नळी लावत, बराच वेळ ऐकत, आणि बाहेर जाऊन लेकीशी बोलत. लेक आत येई ती डोळे पुसूनच.

उलटेभाऊ तिला उशांना टेकवून बसवत, चमच्याने भरवत, केस विंचरत. केसांत फणी अडकली की थांबत, आणि बोटांनी गुंता सोडवत. ती काही म्हणत नसे. कधीतरी नुसती त्यांच्या मनगटावर हात ठेवी.

एका दुपारी लेक शाळेत गेली होती. ऊन भिंतीवर आले होते. काकूने डोळे उघडले.

“अहो.”

“काय गं? पाणी देऊ?”

“त्या दिवशी… साहेबाला… काय म्हणायचं होतं?”

“कशाला आता ते?”

“म्हणून दाखवा की.” तिने अंगावरची चादर ओढून सारखी केली, हनुवटी किंचित वर उचलली. “मी साहेब. बोला. मला… फार वेळ नाही.”

त्यांना वाटले, थट्टा आहे. तिच्या ओठांवर होतीही. डोळ्यांत नव्हती. ते उठले. शर्टाचे वरचे बटण लावले. खाटेच्या पायथ्याशी, टेबलापुढे माणूस उभा राहतो तसे, हात बांधून उभे राहिले.

“साहेब,” ते म्हणाले, आणि घसा साफ केला. “साहेब, माझी बायको विंचरणखात्यात आहे.”

“बरं.”

“तिला श्वास घेता येत नाही.”

“कधीपासून?”

हे त्यांनी जुळवलेले नव्हते. “पुष्कळ दिवसांपासून, साहेब,” ते म्हणाले. “मला ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. रात्री ती श्वास शोधायची, आणि मी झोपलोय असं दाखवून पडून राहायचो. उठलो असतो तर तिला वाटलं असतं, की फार झालंय.”

“पुढे.”

“तिला खिडकीपाशी जागा द्या. मी मागतोय, साहेब. सगळ्यांच्या देखत मागतोय. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.”

साहेबांनी डोळे मिटले. विचार केल्यासारखे बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

“अर्ज… चांगला केलात,” साहेब म्हणाले. “बघू या.”

आणि मग काही म्हणाले नाहीत. छाती हलत होती, थांबत होती, बऱ्याच वेळाने पुन्हा हलत होती. भिंतीवरचे ऊन सरकत सरकत छताला गेले. खाली रस्त्यावर शाळा सुटलेल्या पोरांचा गलका झाला आणि विरून गेला.

उलटेभाऊ खाटेच्या पायथ्याशी हात बांधून उभेच होते. साहेबांनी अजून जा म्हटले नव्हते.